हिरवळीखालची टाकी आणि वरून फिरणारे यंत्र

प्रश्न : आमच्या घरामागे मोठी हिरवळ असून तिच्याखाली आधीच्या मालकांनी बांधलेली सेप्टिक टँक आणि सांडपाणी मुरवणारे चर आहेत. आजवर मी हाताने ढकलायच्या यंत्राने गवत कापत असे. आता गुडघ्यांच्या दुखण्यामुळे बसून चालवायचे यंत्र घेतले आहे आणि माझ्यासह त्याचे वजन सुमारे ३५० किलो भरते. शिवाय माती पसरण्यासाठी पुढे लोडर लावलेला लहान ट्रॅक्टर आणण्याचा विचार आहे. ही दोन्ही यंत्रे त्या जागेवरून नेलेली चालतील का? नेमके किती वजन चालते?

उत्तर : आपण वजनाचा एकच आकडा विचारला आहे, पण टाकी आणि चर या दोहोंना लागू पडेल असा एक आकडा नसतो. टाकी ही पोकळ खोली आहे. तिच्यावर भार पडला तर स्लॅब किंवा झाकण अचानक तुटते आणि माणूस यंत्रासह आत जाऊ शकतो. चरांमध्ये पोकळी नसते. तेथे खडी, छिद्रे पाडलेले पाइप आणि वर माती असते, त्यामुळे तेथे भाराने सहसा काही कोसळत नाही. माती मात्र दबते आणि पाणी मुरणे हळूहळू मंदावते. पहिल्या ठिकाणी जिवाचा प्रश्न आहे, दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थेच्या आयुष्याचा, म्हणून दोन्हींचे नियम वेगळे ठेवावे लागतात.

चरांपासून सुरुवात करू, कारण तेथे आपल्याला दिलासा देता येईल. आपल्या यंत्राच्या मागच्या एका चाकावर साधारण १०० किलो भार येतो असे धरू. चाक जमिनीला सुमारे २० सेंटीमीटर लांब-रुंद जागेत टेकत असेल, तर दर चौरस सेंटीमीटरवर पाव किलो दाब पडतो. ७० किलोचा माणूस चालताना एका पावलावर उभा असतो, तेव्हा त्याच्या तळव्याखालचा दाब याहून जास्त असतो. हा भार मातीतून खाली जाताना पसरतही जातो. ढोबळ हिशेबाने ३० सेंटीमीटर खोलीवर तो ५० सेंटीमीटर लांब-रुंद जागेवर वाटला जातो आणि दाब सुमारे एक षष्ठांश उरतो. म्हणून पाइपांवर निदान ३० सेंटीमीटर माती असेल आणि ती कोरडी असेल, तर बसून चालवायच्या यंत्राने चरांवरचे गवत कापण्यास हरकत नाही. किंबहुना तेथे गवत असावे आणि ते नियमित कापले जावे, कारण गवताची मुळे माती धरून ठेवतात आणि पाने थोडे पाणी बाष्परूपाने बाहेर टाकतात.

या परवानगीतील ‘कोरडी’ हा शब्द मात्र कृपया हलक्यात घेऊ नये. मातीच्या कणांमध्ये हवेच्या लहान लहान पोकळ्या असतात. सांडपाणी त्यांतूनच मुरते आणि त्याची घाण पचवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायूही त्यांतूनच मिळतो. ओल्या मातीचे कण एकमेकांवरून सहज घसरतात, त्यामुळे चाक जाताच त्या पोकळ्या मिटतात, आणि हे नुकसान बहुतांशी पहिल्याच फेरीत होऊन जाते. ‘एकदाच तर न्यायचे आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. पाऊस पडून गेल्यावर मूठभर माती दाबून तिचा गोळा करून पाहावा. बोटाने टोकरल्यावर तो भुगा होऊन पडला तर यंत्र काढावे. चिकट राहिला तर दोन दिवस थांबावे, गवत वाढले तरी चालेल. यंत्र जागच्या जागी वळवणेही चरांवर टाळावे, कारण अशा वळणात चाक गवत मुळासकट खरवडते. सरळ पुढे जाऊन चरांच्या बाहेर वळावे.

ट्रॅक्टरबद्दल माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. लहान ट्रॅक्टर, लोडर, चालक आणि भरलेली बादली मिळून वजन दीड टनाच्या घरात सहज जाते. बादली उचललेली असताना त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन अरुंद चाकांवर येतो, म्हणजे एकेका चाकाखाली चारशे-पाचशे किलो असू शकतात. रुंद टायर लावल्याने वरच्या थरातला दाब कमी होतो, पण खोलवरची माती किती दबते हे मुख्यतः आसावरच्या एकूण वजनावर ठरते, आणि आपले पाइप त्या खोलवरच्या थरात आहेत. शिवाय चरांवर जादा माती टाकणेच अयोग्य आहे. जाड थरामुळे खाली हवा पोहोचत नाही. एखादा खळगा भरायचा असेल तर हातगाडीने माती आणून फावड्याने पसरावी.

आता टाकीविषयी, आणि येथे माझा आग्रह अधिक कडक आहे. टाकीवरून कोणतेही बसून चालवायचे यंत्र नेऊ नये, मग ते कितीही हलके वाटो. स्लॅबवर पुरेशी माती असली तर तेथेही दाब पसरतो हे खरे आहे. परंतु स्लॅब आज किती मजबूत आहे हे वरून पाहून कोणालाही सांगता येत नाही. टाकीतल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो. तो वरच्या ओलसर भागात साचतो, तेथल्या जिवाणूंमुळे त्याचे गंधकाम्ल बनते आणि ते काँक्रीटला आतून खात राहते. स्लॅबची झीज अशा प्रकारे नेमकी खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने होते, आणि काँक्रीट सुटल्यावर आतल्या सळ्याही गंजतात. जुन्या पत्र्याच्या टाक्यांचे छत तर गंजून कागदासारखे पातळ झालेले आढळते. प्लॅस्टिकच्या टाक्या गंजत नाहीत, पण माणूस चालेल एवढ्या भारासाठी बनवलेली त्यांची झाकणे यंत्राच्या चाकासाठी नसतात. वीस वर्षे काही झाले नाही म्हणून आजही होणार नाही, असा निष्कर्ष या बाबतीत काढता येत नाही. झीज त्या वीस वर्षांत चालूच होती.

टाकीची नेमकी जागा माहीत नसेल तर आधी घराचा नकाशा पाहावा. तो नसल्यास घरातून सांडपाण्याचा पाइप ज्या बाजूने बाहेर पडतो ती दिशा धरून शोध घेता येतो, किंवा टाकी उपसणाऱ्यांना पुढच्या वेळी चारही कोपरे दाखवायला सांगावे. त्या कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून चहूबाजूंनी दीड-दोन मीटरचा पट्टा सोडावा आणि त्यातले गवत हाताच्या यंत्राने कापावे. आपल्या गुडघ्यांचा त्रास लक्षात घेता हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे, किंवा त्या पट्ट्यात न कापता चालेल असे उथळ मुळांचे, बुटके आच्छादन लावावे. झाडे-झुडपे मात्र लावू नयेत, मुळे सांध्यांतून आत शिरतात.

प्रश्न : टाकीवर जाड फळ्या टाकून यंत्र नेले तर? दुसरे असे की, मागील आठवड्यात टाकीजवळ चाकाखालची माती बोटभर खचली. तिथे माती भरून टाकावी का?

उत्तर : फळ्यांनी भार पसरतो, त्यामुळे कोरड्या दिवशी चरांवरून एकदाच काही न्यायचे असल्यास त्यांचा उपयोग आहे. टाकीवर मात्र भार फळीवरून शेवटी त्याच झिजलेल्या स्लॅबवर उतरतो. फळीची दोन्ही टोके टाकीच्या बाहेर भक्कम जमिनीवर टेकली असली तरी मधला भाग वाकून खाली टेकतोच.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाची मला खरी काळजी वाटते. कृपया तो खळगा भरू नका आणि त्याच्यावर उभेही राहू नका. माती खचते तेव्हा ती कोठेतरी जात असते. स्लॅबला भगदाड पडलेले असेल किंवा पाइपाचा सांधा निखळला असेल, आणि वरून टाकलेल्या मातीने तुटत्या स्लॅबवरचे वजनच वाढेल. आजच त्या जागेभोवती दोरी बांधावी, मुलांना आणि पाळीव जनावरांना दूर ठेवावे आणि टाकीचे काम जाणणाऱ्या माणसाला बोलावून ती उपसून आतून तपासून घ्यावी. झाकण स्वतः उघडून आत डोकावू नये. आतल्या वायूने काही श्वासांतच शुद्ध हरपू शकते. कोणी आत पडलेच तर त्याच्यामागे उतरू नये. वाचवायला उतरलेली माणसेही अशाच प्रकारे दगावतात. अग्निशमन दलाला बोलवावे आणि ते येईपर्यंत बाहेरूनच दोर किंवा शिडी देण्याचा प्रयत्न करावा.

प्रश्न : हिरवळ सपाट करण्यासाठी पाणी भरायचा रोलर चरांवरून फिरवावा का?

उत्तर : नाही. माती दाबणे हेच रोलरचे काम आहे आणि चरांवर नेमके तेच व्हायला नको. तेथे हिरवळीचा एखादा पट्टा इतरांहून दाट हिरवा दिसत असेल, पाऊस नसताना जमीन ओलसर राहत असेल किंवा घरातले पाणी सावकाश जात असेल, तर पाणी मुरणे आधीच मंदावलेले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी कारण सापडेपर्यंत तेथे कोणतेही यंत्र नेऊ नये.