लग्न लावलं की डोकं ठिकाणावर येतं म्हणणाऱ्यांना

लग्नानंतर बायकांनाच डिप्रेशन जास्त का येतं, पुरुषांना का नाही, असं तुम्ही विचारलंय. बायकांत ते पुरुषांच्या साधारण दीडपट आढळतं, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. बाळंतपण, माहेर सुटणं, हातात स्वतःचा पैसा नसणं ही कारणं आहेतच. पण आमच्या बेळगाव भागात लग्न हेच औषध म्हणून देतात, त्याचं काय?

माझी अक्का बारावीनंतर गप्प झाली. पीठ मळायला घ्यायची आणि तशीच बसून राहायची. हातावर पीठ वाळून पांढरं व्हायचं. मामा म्हणाले, "लगीन करून टाका, डोकं ठिकाणावर येतंय." निपाणीकडचं स्थळ आलं, दोन महिन्यांत अक्षता पडल्या. बाळंतपणानंतर तर ती बाळाकडंही बघेना. सासरच्यांनी सौंदत्तीला यल्लम्माच्या पाच पौर्णिमा करवल्या. शेवटी मी तिला धारवाडला मनाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर कानडीत विचारायचे, मी मराठीत सांगायचो, ती "काय नाही, डोकं दुखतंय" एवढंच म्हणायची. भावासमोर ती सासरचं काय बोलणार? हे माझ्या ध्यानातच आलं नाही. एका मराठी नर्सबाईंनी मला बाहेर बसवलं. तासाभरानं अक्का आली ती डोळे सुजवून. पण परतताना कित्तूरपासून बेळगाव येईस्तोवर माझ्या खांद्यावर गाढ झोपली. तीन वर्षं तिला धड झोप नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

पुरुषांना होत नाही हे साफ खोटं. आमच्याकडं बाई रडली की बाहेरचं झालं म्हणतात, बाप्या प्यायला लागला की वाया गेला म्हणतात. दवाखान्यात दोघंही पोचत नाहीत. 2021 मध्ये देशात आत्महत्या केलेल्यांत विवाहित पुरुष 81,063 होते, विवाहित बायका 28,680. लग्नानं डोकं ठिकाणावर येत असतं तर हे आकडे कुठून आले?

सगळी लग्नं वाईट असं मी म्हणत नाही. आता भाऊजी स्वतः तिला तपासणीला नेतात, गोळी चुकू देत नाहीत. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, एवढं मात्र ऐका. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 लावा, मराठीही निवडता येते.

मामांच्या नातीचं आता तेच चाललंय, कॉलेज सोडून दिवसभर पडून असते. गेल्या रविवारी मामा तिची पत्रिका घेऊन आमच्याकडं आले. मी हातात घेतली नाही. म्हटलं, मामा, आधी धारवाड.