नावाचा मेळ बसला, पुढे काय? पीईपी पडताळणीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी रावपुऱ्यातील एका सहकारी बँकेत आहे. नव्या खातेदाराचे नाव टाकले की संगणक पीईपी (‘पोलिटिकली एक्स्पोज्ड पर्सन’, म्हणजे महत्त्वाच्या सार्वजनिक पदावरील व्यक्ती) म्हणून परदेशी मंत्री, न्यायाधीश अशी आठ-दहा मिळतीजुळती नावे दाखवतो. ‘ही व्यक्ती नव्हे’ अशी खूण करून आम्ही पुढे जातो. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. खूण योग्य असली तरी तिच्यामागचे कारण नोंदलेले नसेल, तर दोन वर्षांनी तपासणीत तिचे समर्थन कोणालाच करता येणार नाही. वडोदऱ्यात ‘गायकवाड’ हे एकच आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. वडिलांचे किंवा पतीचे नाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते. लग्नानंतर काही घरांत स्त्रीचे पहिले नावही बदलते. त्यामुळे भलतीच नावे जुळतात आणि, जे अधिक घातक आहे, खरे नाव निसटते. म्हणून जन्मतारीख, निदान जन्मवर्ष, जन्मस्थान, नागरिकत्व, पद आणि पदाचा काळ ताडून पाहा, विवाहित स्त्रीचे माहेरचे नावही तपासा आणि ‘जन्मवर्षात तेहतीस वर्षांचा फरक, नागरिकत्व वेगळे’ असे एक वाक्य तारखेसह लिहून ठेवा. शंका उरली तर ग्राहकालाच सभ्यपणे विचारा. जुन्या खातेदारांची नावेही ठरावीक काळाने पुन्हा तपासायला हवीत, कारण खातेदार नंतर पीईपी झाला तर खाते चालू ठेवण्यासाठी वरिष्ठ व्यवस्थापनाची मंजुरी लागते.

प्रश्न : माझे पती नगरसेवक आहेत. दांडिया बाजारातील बँकेने आमच्याकडे उत्पन्नाचा स्रोत विचारला. आम्ही पीईपी ठरतो का?

उत्तर : भारतीय व्याख्येनुसार नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत मार्च २०२३ मध्ये आलेली व्याख्या परदेशाने महत्त्वाचे सार्वजनिक पद सोपवलेल्या व्यक्तींपुरती आहे : राष्ट्रप्रमुख, ज्येष्ठ राजकारणी, वरिष्ठ सरकारी, न्यायिक वा लष्करी अधिकारी, सरकारी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी आणि पक्षांचे महत्त्वाचे पदाधिकारी. मनी लाँडरिंग रोखण्यासाठी निकष ठरवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेची १२वी शिफारस मात्र देशांतर्गत पदाधिकाऱ्यांनाही धरते. आपल्या व्याख्येतली ही उणीव भरून निघावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही जोखीम पाहून बँक कोणालाही स्रोत विचारू शकते. तो आरोप नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्र आणि मानधनाचा तपशील द्यावा.

प्रश्न : मी अलकापुरीत सीए आहे. एका अशिलाची कंपनी स्थापन करून देत आहे. तिचे १२ टक्के भाग (शेअर) ज्यांच्याकडे जाणार, त्या बाई परदेशातील एका विद्यमान मंत्र्याच्या पत्नी आहेत. पद तर पतीचे आहे. मग मी काय करावे?

उत्तर : ३ मे २०२३ च्या अधिसूचनेमुळे, अशिलाच्या वतीने कंपनी स्थापन करणे, स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री किंवा पैशांचे व्यवस्थापन अशी कामे करणारे सीए मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली येतात. कंपनीत १० टक्क्यांहून अधिक मालकी असलेली व्यक्ती प्रत्यक्ष लाभधारक, म्हणजे कंपनीमागची खरी मालक, धरली जाते, आणि पीईपीचे कुटुंबीय व निकटवर्ती यांनाही पीईपीइतकीच वाढीव पडताळणी लागू करावी. तेव्हा पद पतीचे असले तरी पडताळणी टळत नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. भागांसाठी आलेले पैसे कोणत्या खात्यातून आले, हा निधीचा स्रोत. ती व्यक्ती मुळात एवढी संपन्न कशी झाली, हा संपत्तीचा स्रोत. बँकेचा उतारा पहिल्याचे उत्तर देतो, दुसऱ्याचे नाही. त्यासाठी वारसापत्र, व्यवसायाचे ताळेबंद, मालमत्ता विकल्याचे दस्तऐवज मागा. केवळ स्वयंघोषणेवर थांबू नका. काम घ्यायचे की नाही, हा निर्णय फर्मच्या ज्येष्ठ भागीदाराने लेखी घ्यावा. व्यवहार संशयास्पद वाटला तर वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवा आणि अशिलाला त्याची चाहूलही लागू देऊ नका.

प्रश्न : पद सोडल्यावर किती वर्षांनी पीईपीचा शिक्का पुसला जातो?

उत्तर : एफएटीएफने ठरावीक मुदत सुचवलेली नाही. त्या व्यक्तीचा प्रभाव अजून किती आहे आणि तिच्या आजच्या कामाचा जुन्या पदाशी काय संबंध आहे, हे पाहून ठरवावे.