चेक म्हणजे तपासणे, चेक म्हणजे बँकेचा कागद, शर्टावरही चेक्स. एकाच इंग्रजी शब्दाचे इतके अर्थ कसे? मूळ एकच आहे का?

हो, एकच. आणि ते इंग्रजी नाहीच मुळी, फारसी आहे. शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात आपण शह देतो ना, तोच हा. अरबांमार्फत युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक झाला, तिथून इंग्रजांचा चेक. चेस हा शब्दही त्याच घरातला. राजाला शह बसला की बाकी सगळं सोडून आधी त्याला वाचवावं लागतं, म्हणून चेक म्हणजे अडवणे, लगाम घालणे, आणि अडवून बघायचं म्हणून तपासणे. चेक्सचा शर्ट पटाच्या घरांवरून. एवढं कुठल्याही डिक्शनरीत मिळेल. मी लिहायला बसलेय ते बँकेतल्या चेकसाठी.

मी बँकेत नवीन लागले होते, तालुक्याच्या गावातली, मराठी मीडियमची. क्लिअरिंगच्या रजिस्टरला हेडिंग टाकताना चेकचं स्पेलिंग क्यू-यू-ई ऐवजी सी-के वालं टाकलं. आमचे साहेब कॉन्व्हेंटचे. त्यांनी रजिस्टर उचललं, थेट काउंटरवर आले आणि पितळी टोकनं घेऊन उभ्या असलेल्या लोकांसमोर म्हणाले, "बाई, हे काय तपासणीचं रजिस्टर आहे का? चौथीतल्या पोराला येतं हे." लाल पेनाने गोल केला तो इतका दाबून की मागच्या पानावर उठला. पुढे कितीतरी दिवस कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे "बाई, चेक केला का चेक?" करत होते.

आता खरी गोष्ट ऐका. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल ज्या टेबलावर मोजायचे ते दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वरचं काही घरंगळू नये, आणि त्यावर रेघांचं काळं कापड. पेन्सचा रकाना वेगळा, शिलिंगचा वेगळा, पौंडाचा वेगळा, त्यात चकत्या मांडून शेरीफने (राजासाठी वसूल गोळा करणारा अधिकारी) किती भरले, किती बाकी ते त्याच्या तोंडावर मोजायचे. (रोमन आकड्यांत एकदा बेरीज करून बघा, कापड का लागायचं ते कळेल.) दिसायला बुद्धिबळाचा पट, म्हणून खात्याचं नावच एक्सचेकर पडलं, ब्रिटनचा अर्थमंत्री अजून चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकरच आहे.

पैशाचा चेक मात्र बराच नंतरचा. अठराव्या शतकात आधी चेक म्हणायचे ते काउंटरफॉइलला, म्हणजे कागद फाडून दिल्यावर मागे राहतो त्या तुकड्याला, खोटा कागद आला तर त्याच्याशी ताडून पकडता यावा म्हणून. मग ते नाव कागदालाच चिकटलं. म्हणजे तपासणीच! क्यू-यू-ई ची शेपटी लागली ती एक्सचेकरचा रुबाब बघून. 1828 साली जेम्स विल्यम गिल्बार्ट या बँकरने बँकिंगवर पुस्तक लिहिलं, त्यात तो स्वतःच सांगतो की बहुतेक लेखक सी-के लिहितात, पण मी दुसरं घेतोय कारण त्यात गोंधळ होत नाही आणि ते एक्सचेकरशी जुळतं. म्हणजे अजून सी-के लिहिणाऱ्या अमेरिकन लोकांनी काही बिघडवलेलं नाही, त्यांनी जुनंच ठेवलं, शेपटी इंग्रजांनी लावली आणि आमचे साहेब त्या शेपटीला धरून माझी अक्कल काढत होते. स्पेलिंगवरून माणसाची हुशारी मोजणारे लोक मला तेव्हाही बिनडोक वाटायचे, आताही वाटतात.

तरी उद्या बँकेत जाऊन सी-के लिहू नका हं. आपल्या 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये क्यू-यू-ई वालंच आहे, परीक्षेतही तेच लिहा. अमेरिकेत हॉटेलच्या बिलाला चेक म्हणतात, चेक-इन, चेक-आउट वगैरे, ती सगळी याच खानदानातली. चेक प्रजासत्ताकाचा मात्र काडीचाही संबंध नाही, ते त्या लोकांचं स्वतःचं नाव, आपल्या लिपीत सारखं दिसतं इतकंच.

आणि याच साहेबांना धनादेश हा शब्दही गावंढळ वाटायचा. त्यावर कुणी प्रश्न विचारला तर सविस्तर लिहीन.