आजीचं एकवीसासे

प्रिय सोनू,

काल फोनवर तू विचारलंस, आजी पाढे म्हणताना ‘अकरा अकरे एकवीसासे’ का म्हणते, सरळ एकशे एकवीस का नाही? कूलरच्या घरघरीत मला नीट ऐकू आलं नव्हतं. रात्री उलगडलं, आणि मग झोपच लागेना.

एकवीसासे म्हणजे शंभरावर एकवीस. मराठीत धाकटा आकडा पुढे चालतो. ‘एकवीस’मध्येच बघ, एक आधी, वीस मागून. पाढ्यांत शंभराच्या पुढेही तीच चाल. एकशे दहा ते ‘दाहोदरसे’, एकशे अकरा ते ‘अकरोदरसे’. त्यातलं ‘ओदर’ म्हणजे ‘उत्तर’, त्यापुढचं. तू आता आहेस त्याच घरात, नागपूरच्या महाल भागात, आजीने माझ्याकडून हे रोज संध्याकाळी म्हणून घेतलंय.

आता १२१ उलटं वाच. तेच! १११ ला १११ ने गुण, १२३२१ येतील. आजीची पाटी घे आणि सहा एकांचा, म्हणजे नीट मोजून ११११११ चा वर्ग मांड. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून उभ्या बेरजेत आधी एक, मग दोन, असं सहापर्यंत चढत जातं आणि परत एकपर्यंत उतरतं, रामटेकचा गड चढून उतरावा तसं. उत्तर १२३४५६५४३२१. तुझ्या इथल्या शाळेत तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देतात. आपण शेवटचे तीन सोडून दोन-दोनांवर देतो: १२,३४,५६,५४,३२१. आजीला वाचायला सांग. बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव आपल्याच एका मास्तरांनी दिलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर. मुंबईजवळच्या डेम्लो नावाच्या स्टेशनवर त्यांना त्या सुचल्या, म्हणून ते नाव. जिला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती ‘हर्षद’, हे नावही त्यांचंच. आपली संख्या हर्षद नाही. अंकांची बेरीज ३६, आणि विषम संख्येला ३६ ने भाग कसा जाईल?

पण तिच्यात दुसरी एक दुर्मीळ गोष्ट आहे. ११११११ म्हणजे ३ × ७ × ११ × १३ × ३७. वर्गात हे पाचही दोनदा येतात, म्हणून तिला २४३ विभाजक आहेत. तिला स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज केली तर ती तिच्याहून मोठी भरते. अशा संख्येला विपुल म्हणतात. सम संख्यांत विपुल पुष्कळ सापडतात, पहिली १२. विषमांत मात्र ९४५ च्या आधी एकही नाही. ही विषम असून विपुल आहे, हे मला फार आवडतं.

नऊ एकांपर्यंत हा गड असाच चढतो-उतरतो. दहाव्या एकाला मध्ये हातचा येतो आणि पायऱ्या मोडतात. कुठे मोडतात ते पाटीवर करून बघ आणि रविवारी फोनवर सांग. आजीलाही सोबत बसव.

तुझी आई