‘सगळं माझ्यावर सोडा’ असं वकील म्हणाले तर?

प्रश्न : माझे पती (वय ३४) वेल्डर आहेत, महिन्याला १८,००० रुपये रोखीने मिळायचे. दोन महिन्यांपूर्वी टेम्पोने त्यांच्या दुचाकीला धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. वकील म्हणतात, सगळं माझ्यावर सोडा. आम्ही काय करायचं?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : कायद्याची बाजू त्यांच्यावर जरूर सोडा. भरपाईचा अर्ज लिहिणं, टेम्पोचा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांना सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करणं, साक्षीदारांना समन्स काढणं ही त्यांची कामं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघातापासून सहा महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे हा अर्ज करायचा असतो. तुमच्या हाती चारच उरलेत, म्हणून दाखल झाल्याचा क्रमांक मागून घ्या.

पुरावा मात्र तुमच्या घरात आणि दवाखान्यात आहे. दाखल करतानाच्या केसपेपरवरची पहिली ओळ आजच वाचा. तिथे नुसतं ‘गाडीवरून पडून’ लिहिलं असेल, तर विमा कंपनी टेम्पोचा संबंधच नाकारते. चूक असेल तर डॉक्टरांना लेखी अर्ज द्या, स्वतः खाडाखोड करू नका. औषधांची बिलं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लावा. अस्सल कागद देताना यादीवर पोच घ्या. एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याच्या नकला पोलीस ठाण्यातून आणा.

रोखीचा पगार ही या दाव्यातली सगळ्यांत कच्ची जागा. पती ज्यांच्याकडे काम करायचे, त्या मालकांचं नुसतं पत्र पुरत नाही. ते हजेरी-पगाराचं रजिस्टर घेऊन साक्षीला येणार का, हे तुम्हीच जाऊन विचारा. अपघातानंतर घाईने भरलेल्या आयकर विवरणावर विश्वास बसत नाही.

आता अपंगत्व. प्रमाणपत्रात ‘पायाचं ४० टक्के’ असेल, तरी न्यायाधिकरण पाहतं ते कमाईची ताकद किती गेली. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) निकालात हे नीट समजावलं आहे. पतींना उकिडवं बसता येतं का, शिडी चढता येते का, किती वजन उचलतात, हे वहीत तारखेनिशी लिहा. वकिलांना ते कळायला दुसरा मार्ग नाही. हिशोब असा : १८,००० मध्ये भावी वाढीचे ४० टक्के मिळवून २५,२००, गुणिले १२, वयानुसार ठरलेला गुणक (किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) १६, म्हणजे ४८,३८,४००. कमाईतली घट २० टक्के धरली तर ९,६७,६८०, ३० टक्के धरली तर १४,५१,५२०. दहा टक्क्यांमागे पावणेपाच लाखांहून जास्त फरक पडतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झाली नाही, तर तो हातचा जातो. ते कधी येणार, हे वकिलांना प्रत्येक तारखेला विचारत राहा. प्रमाणपत्रही हाड जुळून प्रकृती स्थिरावल्यावरच काढा.

फी आधी लेखी ठरवा. भरपाईत टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमांत मनाई आहे. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, आणि विमा कंपनीचा माणूस तडजोडीची पावती घेऊन घरी आला, तर वकिलांना दाखवल्याशिवाय अंगठाही उमटवू नका.