जोरात स्कीइंग करणाऱ्याने टिकाऊ बाइंडिंग कोणते घ्यावे?

तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: वजन 84 किलो, उंची 181 सेंटीमीटर, वय 36, बुटाच्या तळव्याची लांबी 315 मिलिमीटर आणि कमरेला, म्हणजे मध्यभागी, 104 मिलिमीटर रुंद असलेली नवी स्की. गुडघा पूर्वी दुखावला होता, असेही तुम्ही लिहिले आहे. डेन्व्हरला राहून तुम्ही हंगामात तीस-पस्तीस दिवस तीव्र उतारांवर वेगाने उतरता. तीन हंगामांत दोनदा बाइंडिंगचा, म्हणजे बुटाला स्कीशी जखडणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या यंत्रणेचा, टाचेकडचा भाग तुटल्यामुळे आता संपूर्ण धातूचे, 18 आकड्यापर्यंत जाणारे बाइंडिंग घेऊन हा विषय एकदाचा मिटवावा, असे तुमच्या मनात आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: लुक कंपनीचे पिव्हट 15 घ्या आणि 18 च्या वाटेला जाऊ नका. त्यामागची कारणे मात्र सविस्तर सांगायला हवीत, कारण ती पटली नाहीत तर नवे बाइंडिंगही जुन्याच्याच मार्गाने जाईल.

प्रथम आकड्याविषयी. बूट किती जोराला सुटावा हे सांगणारा, ज्याला आपण सगळे डिन म्हणतो तो आकडा आयएसओ 11088 या मानकाच्या तक्त्यावरून ठरतो. वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्कीइंगचा प्रकार या पाच गोष्टी त्यात धरल्या जातात. तुम्ही तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे वेगाने आणि आक्रमकपणे उतरणारे असलात, तरी तुमचा आकडा साधारण 8 ते 9 च्या आसपासच येईल. नेमका आकडा दुकानातील प्रशिक्षित तंत्रज्ञाने ठरवावा. पिव्हट 18 ची मोजपट्टी 8 पासूनच सुरू होते. म्हणजे तुमचे बाइंडिंग आयुष्यभर पट्टीच्या तळाशी राहील, आणि पन्नाशीनंतर तक्ता आकडा एक पायरी खाली आणतो तेव्हा खाली जायला जागाच उरणार नाही. पिव्हट 15 ची पट्टी 6 ते 15 अशी आहे, टायरोलिया अटॅक 14 ची 4 ते 14, मार्कर ग्रिफनची 4 ते 13. या तिन्हींत तुमच्या आकड्याच्या वर आणि खाली पुरेशी जागा राहते. 18 आकड्याची बाइंडिंग्ज स्पर्धक आणि फार वजनदार, फार वेगवान लोकांसाठी असतात. ती घेतल्याने मजबुती वाढेल हा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, पण तुमच्यासारख्याच्या बाबतीत तो लागू पडत नाही.

मजबुतीपेक्षाही ज्या गुणाकडे तुम्ही लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते, तो म्हणजे बाइंडिंगची लवचीकता. खडबडीत, तुडवलेल्या बर्फावरून वेगात जाताना स्कीला क्षणोक्षणी धक्के बसतात आणि प्रत्येक धक्क्यासरशी बूट बाइंडिंगमध्ये काही मिलिमीटर सरकतो. चांगले बाइंडिंग त्याला तेवढे सरकू देते आणि लगेच ओढून मध्यावर आणते. सरकण्याची ही मुभा कमी असेल, तर किरकोळ धक्क्यानेही बूट सुटतो. मग माणूस वैतागून आकडा वाढवतो. वाढवलेल्या आकड्याने वेगातले अकाली सुटणे कदाचित थांबते, पण सावकाश, पीळ पडत होणाऱ्या पडण्यात बूट सुटायला हवा तेव्हा तो सुटत नाही, आणि नडगीचे हाड धोक्यात येते. लुक पिव्हटसाठी कंपनी पुढच्या भागात आडवी 45 मिलिमीटर आणि टाचेला उभी 28 मिलिमीटर लवचीकता सांगते. शिवाय त्याची टाच चकतीवर फिरते आणि फिरण्याचा आस नडगीच्या रेषेत येतो, त्यामुळे पाय पिळला गेला की बूट टाचेवर घासत न अडकता फिरून बाहेर पडतो. फ्रान्समधल्या नेव्हेरच्या या कंपनीने फिरत्या टाचेची ही कल्पना 1960 च्या दशकापासून टिकवून ठेवली आहे.

आकडा वाढवण्याची चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. मी सॉल्ट लेक सिटीत राहतो आणि माझे स्कीइंगचे बहुतेक दिवस जवळच्या अल्टा या स्की-केंद्रात जातात. काही वर्षांपूर्वी मी बूट बदलले. जुन्यांचा तळवा 317 मिलिमीटरचा होता, नव्यांचा 305. गावातल्या एका दुकानात बाइंडिंग नव्या बुटांना जुळवून घेतले आणि आठवड्याभरात अल्टाच्या हाय ट्रॅव्हर्सवर, जिथे एकामागून एक उंचवटे येतात आणि थांबायची सोय नसते, माझी खालच्या बाजूची स्की काहीही कारण नसताना निघाली. मी ते बाइंडिंगच्या कमकुवतपणावर ढकलले आणि त्याच संध्याकाळी पेचकसाने आकडा साडेआठवरून दहावर नेला. दुसऱ्या दिवशी स्की पुन्हा निघाली. शेवटी दुसऱ्या एका तंत्रज्ञाने बूट बाइंडिंगमध्ये घालून टाचेच्या मागच्या बाजूला असलेल्या पुढच्या दाबाच्या, म्हणजे टाचेचा भाग बुटाला पुढे किती रेटतो ते दाखवणाऱ्या, खुणेवर बोट ठेवले. खूण असायला हवी त्या जागेपासून जवळजवळ नखाएवढी दूर होती. टाचेचा भाग नव्या बुटासाठी पुरेसा पुढे सरकवलाच नव्हता. त्याने स्क्रू दोन-अडीच फेरे फिरवला, खूण जागेवर आली, आकडा पुन्हा साडेआठ केला, आणि त्या हंगामात ती स्की पुन्हा विनाकारण निघाली नाही. तुमच्या बाइंडिंगचे टाचेचे भाग दोन्ही वेळा तुटण्यापूर्वी बुटात आणि टाचेत हालचाल जाणवत होती का, हे आठवून पाहा. पुढचा दाब चुकीचा असेल तर टाचेच्या भागावर प्रत्येक वळणात नको तो ताण येतो, आणि प्लॅस्टिकचे आवरण असो वा धातूचे, ते तो किती काळ सोसणार?

आता पिव्हटच्या अडचणी, कारण त्या सांगितल्याशिवाय शिफारस करणे योग्य नाही. 15 ची पुढची बाजू धातूची आहे आणि बाइंडिंग जड आहे. दिवसभर स्की खांद्यावर घेऊन चढणाऱ्याला ते जाणवते. खोल पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, निघालेली स्की पुन्हा घालताना टाच आडवी फिरलेली असते, ती हाताने सरळ करावी लागते, आणि उतारावर एका पायावर उभे राहून हे करणे त्रासाचे आहे. टाच मागे-पुढे सरकण्याची मर्यादा जेमतेम दोन सेंटीमीटरची असल्याने बूट वेगळ्या लांबीचे घेतले तर पुन्हा भोके पाडण्याची वेळ येऊ शकते. जोडीदाराशी किंवा भावाशी स्की वाटून घेणार असाल तर टायरोलियाचे अटॅक 14 अधिक सोयीचे पडेल. त्याची टाच अधिक सरकते, पावडरमध्ये ते घालायला सोपे आहे आणि किंमतही सहसा कमी असते. माझ्या पत्नीच्या स्कीवर तेच आहे आणि मला त्याबद्दल पूर्ण विश्वास वाटतो. मार्करचे जेस्टर, 6 ते 16 आकड्यांचे, हाही योग्य पर्याय आहे. सालोमनचे स्ट्राइव्ह हलके आहे, परंतु तुमच्या वापरासाठी माझा कल पिव्हट आणि अटॅककडे राहील. चढाईचे आणि उतरण्याचे अशा दोन्ही कामांचे संयुक्त बाइंडिंग तुम्हाला चढाई करायचीच नसेल तर घेऊ नका. त्यात सांधे आणि सुटे भाग अधिक असतात, आणि जे नाही ते मोडत नाही.

बसवण्याच्या कामाकडे तुम्ही खरेदीइतकेच लक्ष द्यावे. बाइंडिंग तुटले म्हणून दुकानात येणाऱ्या स्कींपैकी काहींत बाइंडिंग धड असते आणि स्क्रूच स्कीतून उपटलेले असतात. तुमच्या स्कीत धातूचा थर असेल तर भोक 4.1 मिलिमीटरच्या ड्रिलने पाडावे लागते, नसेल तर साधारण साडेतीन मिलिमीटरच्या. स्क्रूच्या डोक्यांची खाच पोझिड्राइव्ह तिसऱ्या क्रमांकाची असते, आणि साध्या फिलिप्स पेचकसाने ती झिजून जाते. भोकात पाणी न शिरू देणारा गोंद घातला आहे का, हे विचारायला संकोच करू नका. ब्रेकची, म्हणजे सुटलेली स्की थांबवणाऱ्या दांड्यांची, रुंदी स्कीपेक्षा थोडी जास्त, पण पंधरा मिलिमीटरहून जास्त नको. तुमच्या 104 च्या स्कीला पिव्हटचा 115 चा ब्रेक बसेल, अटॅकचा 110 चा. बुटाचे तळवे ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपे असे किंचित वाकडे, आयएसओ 23223 मानकाचे असतील, तर बाइंडिंगवर ते चालते अशी खूण असलीच पाहिजे. जुन्या साठ्यातील स्वस्त पिव्हट ग्रिपवॉकसाठी नसतात.

त्यानंतरची काळजी साधी आहे, तरी ती घेणारे थोडेच. बुटाच्या तळव्याचा पुढचा ओठ पार्किंगच्या डांबरावर चालून गोल होतो आणि बूट पुढच्या पट्टीवर हवा तसा सरकत नाही. मी दर महिन्याला तळव्यावर अंगठा फिरवून पाहतो आणि कड बोथट लागली की तळवे बदलतो. तुमच्या कोलोरॅडोप्रमाणेच आमच्याकडेही रस्त्यावर मीठ टाकतात. गाडीच्या टपावर उघडी ठेवलेली स्की तासाभरात खारट पाण्याने माखते, ते पाणी टाचेच्या सांध्यात शिरते आणि आतले वंगण धुऊन काढते, म्हणून स्की पिशवीत घालून न्या आणि घरी आल्यावर साध्या पाण्याने पुसा. जोराच्या फवाऱ्याने किंवा वंगण काढणाऱ्या द्रावाने कधीही धुऊ नका. दर हंगामाच्या सुरुवातीला दुकानातील टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, मोजणाऱ्या यंत्रावर दोन्ही बाइंडिंग्ज तपासून घ्या. आकडा बाइंडिंगवरच्या खिडकीत बरोबर दिसत असूनही प्रत्यक्ष सुटण्याचा जोर वेगळा निघू शकतो. आणि हे लक्षात असू द्या की अमेरिकेत कंपन्या ज्या मॉडेलांची हमी घेतात त्यांची यादी दर हंगामाला नवी होते. जुने मॉडेल यादीतून निघाले की दुकाने ते बसवायला किंवा तपासायला नकार देतात, मग ते कितीही धड असो. म्हणून आठ-दहा वर्षांपूर्वीचे, वापरलेले धातूचे बाइंडिंग स्वस्तात मिळते आहे म्हणून घेऊ नका.

शेवटी गुडघ्याविषयी, कारण तुम्ही प्रश्नात त्याचा उल्लेख केला आहे. आधुनिक बाइंडिंग्जमुळे नडगी मोडण्याचे प्रमाण खूप घटले, पण गुडघ्याच्या आतल्या क्रूसिएट अस्थिबंधाला तसे संरक्षण मिळालेले नाही. पिव्हट असो वा अटॅक, त्या बाबतीत दोघांकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. मागे बसल्या अवस्थेत पडताना उठून उभे राहण्याची धडपड न करता पडून जाणे हे तुमच्या हातात आहे. बसवताना मात्र तंत्रज्ञाला तुमचा गुडघा आधी दुखावला होता हे जरूर सांगा. तो तुम्हाला स्कीइंगच्या दुसऱ्या, म्हणजे मध्यम, प्रकारात धरायला सुचवील, आणि मी तुमच्या जागी असतो तर निदान पहिल्या आठवड्यासाठी त्याचे ऐकले असते.