टाइप क्लास आणि व्हेरिअ‍ॅडिक फंक्शन : दोन्ही ‘बहुरूपी’ का?

प्रश्न असा आहे : प्रोग्रॅमिंगमधला टाइप क्लास (एकच क्रिया आपापल्या नियमाने करणाऱ्या टाइपांचा, म्हणजे माहितीच्या प्रकारांचा, गट) आणि व्हेरिअ‍ॅडिक फंक्शन (कितीही आर्ग्युमेंट, म्हणजे त्याला पुरवलेली मूल्ये, घेणारे फंक्शन) या दोन्हींमुळे एकच नाव निरनिराळ्या तऱ्हेने वापरता येते, मग दोन्हींना मराठीत ‘बहुरूपी’ म्हणावे का?

म्हणू नये, असे माझे मत. व्हेरिअ‍ॅडिकमध्ये मुख्यतः बदलते ती आर्ग्युमेंटची संख्या, आणि संख्येसाठी आपल्या व्याकरणात आयती सोय आहे. ‘झोपणे’ अकर्मक, ‘खाणे’ सकर्मक, ‘देणे’ द्विकर्मक. फंक्शनला क्रियापद मानले, तर कितीही आर्ग्युमेंट घेणारे ते ‘अनियतकर्मक’. ‘बहुपदी’ही सुचेल, पण तो शब्द बीजगणिताने पॉलिनॉमियलसाठी केव्हाच घेतला आहे.

टाइप क्लासला ‘प्रकारवर्ग’ चालेल. विग्रह मात्र ‘प्रकारांचा वर्ग’ असाच हवा. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या क्लासपासून ऑब्जेक्ट बनतात. टाइप क्लासचे सदस्य खुद्द टाइप असतात. फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९मध्ये ही कल्पना मांडली आणि हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत ती रुजली. मला ती ‘अनेकवचन करणे’ या क्रियेत दिसते : घोडा-घोडे, माळ-माळा, फूल-फुले. क्रिया एकच, नियम गटागटाचा. ‘परंतु’सारख्या अव्ययाला असा नियमच नाही, म्हणून त्याचे अनेकवचन मागितले की व्याकरण अडवते. प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलरही तसाच अडवतो.

व्हेरिअ‍ॅडिकमध्ये अशी राखण असतेच असे नाही. जावात तिथली सगळी आर्ग्युमेंट जाहीर केलेल्या एकाच टाइपची लागतात. सी भाषेतल्या प्रिंटएफ या मजकूर छापणाऱ्या फंक्शनला मात्र, त्याच्या व्याख्येत ‘कितीही आर्ग्युमेंट’ असे सांगणाऱ्या तीन टिंबांच्या जागी काय आले ते कळत नाही. फॉरमॅट स्ट्रिंग, म्हणजे काय कसे छापायचे हे खुणांनी सांगणारा मजकूर, सांगेल ते ते खरे मानते. स्ट्रिंगमध्ये पूर्णांकाची खूण आणि प्रत्यक्षात अपूर्णांक, असे झाले तर पुढे काय होईल याची कसलीही हमी सीचे प्रमाणक देत नाही.

सर्वांत सुंदर भाग हॅस्केलचा. तिथे प्रत्येक फंक्शन एकच आर्ग्युमेंट घेते, तरीही प्रिंटएफ आहे! प्रिंटएफच्या उत्तराचा टाइप ज्या प्रकारवर्गात बसतो, त्यात स्ट्रिंग आहे आणि ‘आणखी एक आर्ग्युमेंट घेऊन याच वर्गातले काही देणारे फंक्शन’ हेही आहे. त्यामुळे दर आर्ग्युमेंटनंतर हाती येते ते कधी तयार मजकूर, तर कधी पुढचे आर्ग्युमेंट मागणारे फंक्शन. थोडक्यात, प्रकारवर्गाच्या बळावर अनियतकर्मक फंक्शन घडवता येते. दोन्हींना ‘बहुरूपी’ म्हटले, तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही.